दोन पाषाणांमधला गेरू

मी गेरू बोलतोय. कार्ल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हातभर तांबडी पट्टी दिसते ना, तोच मी.

फार मागं, माणूस नव्हता तेव्हा, इथं जमीन फाटून आगीचा रस वाहिला. निवून त्याचा पाषाण झाला. ऊनपाऊस खाऊन पाषाणाची माती झाली, ती मी. अंगावर झाडं उगवली, किडेमुंग्या फिरल्या. बरे दिवस होते. मग पुन्हा रस आला. मी भाजून लाल झालो अन् गाडला गेलो. किती युगं, ते मला मोजता येत नाही.

पाषाणाचं कौतुक सगळे करतात. माझ्याकडं यायच्या त्या बाया, भिंतीला गेरू न्यायला. त्यातली झुंबरबाई अशी हळू खरवडायची, जशी लेकराचं डोकं चोळतेय.

मानमोडीच्या साथीनंतरच्या उन्हाळ्यात वाडीचं पाणी आटलं. झुंबरबाईची सून सरू, दिवस भरत आलेली, नदीवरून हंडा आणताना घसरून पडली. पोटाला लागलं नाही, पण सासूनं धसका घेतला. पुन्हा पडली तर?

झुंबरबाईचा नवरा रखमाजी अन् विहीर खोदणारा हौशीराम, दोघं पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा धरून फिरले, अन् तो उभा राहिला तिथं खाली सपाटीला खोदलं. तीन पुरुष खोल गेले, नुसती धूळ.

"पाषाण कोरडा हाय, आबा," हौशीराम म्हणाला.

"आन् नारळाचं काय?"

"फोडून खावा आता."

झुंबरबाई म्हणाली, "मी गेरू आणते तितं बघा की. गेरूच्या वरची फट चैतातबी वली असती."

"तुला काय कळतंय गं पाण्यातलं? गेरू खरवडणारी तू!" रखमाजी खेकसला.

"व्हय, खरवडणारीच. तुमी नारळ फिरवणारं. बोटं कुनाची भिजली?"

हौशीरामच आधी हसला. दुसऱ्या दिवशी तो छिन्नी घेऊन वर आला. झुंबरबाईचं खरं होतं. पाषाणाच्या भेगांतून पाणी झिरपत येतं, पण मी चिकट; माझ्यातून ते उतरत नाही, पाठीवर साचून राहतं. तिसऱ्या दिवशी करंगळीएवढी धार सुटली. त्यांनी तिथंच छोटं टाकं कोरलं. सरू सुखरूप बाळंत झाली, अन् लेकीची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं झाली.

आता बाया हंडे घेऊन येतात, माझ्याजवळ बसून सासरचं गाऱ्हाणं सांगतात. मला बरं वाटतं. बायांनो, भिंतीपुरता गेरू खुशाल न्या, फक्त टाक्याखालचा खरवडू नका.

पहिला हंडा भरायच्या आधी झुंबरबाईनं मला हळदकुंकू वाहून हात जोडले होते. मला हात असते, तर मीच आधी तिला जोडले असते.