दारावरची ऑर्डर

"आवं, दार उघडा. मी हाय, चतुरा."

"ऑर्डर नाय," आतून बद्रीनाथचा आवाज आला. "घरच्या माणसाशिवाय कुणाला सोडायचं नाय. तुम्ही बाहेर थांबा, बाई."

मुकुंदवाडीत दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मेसमधल्या पोळ्या लाटून आलेली चतुराबाई निळी पिशवी मांडीवर घेऊन आपल्याच घराच्या पायरीवर बसली. शेजारच्या आशाबाईनं तिला पाणी दिलं आणि सिडकोतल्या ऑफिसात तिच्या लेकीला, अपेक्षाला, फोन लावला. "अण्णा तुझ्या आईला घरात घेईनात गं," एवढंच ती म्हणाली. अपेक्षा होती तशी उठली.

बद्रीनाथ ज्याला ऑर्डर म्हणत होता, तो दारामागं चिकटवलेला कागद अपेक्षानंच लिहिला होता. असं लिहिणं हीच तिची नोकरी. दवाखान्यांची कामं आपणहून उरकणारा एआय एजंट तिची कंपनी बनवत होती. नंबर लावायचा, नंबर रद्द करायचा, रिपोर्ट पाठवायचा, अशा प्रत्येक कामाला एक टूल होतं. कोणतं टूल कशासाठी, ते कधी वापरायचं आणि कधी त्याला हात लावायचा नाही, हे अपेक्षा थोडक्या ओळींत लिहून देई. एजंट त्या ओळींवर चाले. ओळीत जे नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही. मागं एकदा तिनं 'गरज नसेल तर नंबर रद्द करावा' असं लिहिलं, आणि एजंटानं फोन न उचललेल्या सगळ्या पेशंटांचे नंबर उडवले. तिचा वरिष्ठ मुनीब तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाला होता, "अरे, गरज नाही हे त्यानं कशावरून ओळखायचं? तुला माहितीय म्हणून तू लिहिलं नाहीस. बस, इथंच गडबड होती बघ."

आणि लिहिलेलं पाळावं ते बद्रीनाथनं. त्याचा उभा जन्म वाळूजच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून गेला. चौकीत लावलेली ऑर्डर तो प्रत्येक गाडी आली की पहिल्यापासून वाचायचा. मालकाच्या मेव्हण्यालाही त्यानं पासावाचून उन्हात उभं केलं होतं, आणि मालकानं त्याबद्दल सगळ्यांसमोर सत्कार करून दिलेला नारळ त्यानं छाती फुगवून घरी आणला होता. आता डोकं साथ देईनासं झालं होतं. नावं गेली, चेहरे पुसट झाले. वाचणं आणि वाचलेलं पाळणं तेवढं शाबूत राहिलं.

आधी मायलेकी कामाला जाताना बाहेरून कुलूप घालायच्या. मग तो दाराला डोकं टेकून "माझी काय चूक झाली?" म्हणून रडायचा. ते आठवून पोळ्या लाटताना चतुराबाईचा जीव तीळ तीळ तुटे. म्हणून कुलूप गेलं आणि कागद आला. 'एकटे असाल तेव्हा गॅस पेटवू नका. बाहेर जाऊ नका. अनोळखी माणसाला दार उघडू नका. घरच्यांनाच उघडा.'

"अण्णा, मी अपेक्षा."

कडी लगेच निघाली. "बरं झालं आलीस. ही बाई लई येळ बसलीय. घरची म्हणती. मी सोडलं नाय." तो कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

अपेक्षाला आईकडं बघवेना. चतुराबाईनं उठून पाय धुतले आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. अपेक्षा कागदापुढं उभी राहिली. घरचे म्हणजे कोण, हे तिनं लिहिलंच नव्हतं. कधी लिहावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संध्याकाळी चतुराबाईनं फळीवरचं कुलूप काढून तिच्यापुढं ठेवलं. "उद्यापासून हेच."

"नको गं आई. चूक माझ्या लिहिण्याची हाय. मी परत लिहिते."

"काय लिहिशील? बायकू हाय म्हणून? ते काय वाचून कळायचं असतं व्हय?" चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. कितीतरी महिने दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

अपेक्षानं तिला रडू दिलं. मग नवा कागद घेऊन लिहायला बसली आणि हळूच वाचून दाखवलं, "चतुराबाई ही तुमची बायको आहे."

"ते खोड."

"का?"

"वाचून मनात म्हणतील, आपलं माणूस इसरलो. लाज वाटंल त्यायला. जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाय त्यांनी." चतुराबाईनं डोळे पुसले. "इथंच राहती, एवढं लिही."

अपेक्षानं खोडलं आणि लिहिलं, 'कपाळावर गोंदण असलेल्या बाईचं नाव चतुराबाई. ती याच घरात राहते. खिडकीतून बघा. गोंदण दिसलं की लगेच दार उघडा. तिला थांबवू नका.'

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती आशाबाईच्या दारात येऊन थांबली. हाही कागद फुकट गेला तर कुलुपाशिवाय इलाज नव्हता.

चतुराबाई आली. तिनं खिडकीपाशी तोंड नेलं आणि डोक्यावरचा पदर मागं सारून कपाळ उघडं केलं. आत बद्रीनाथ मोठ्यानं वाचू लागला. मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. चतुराबाई भर उन्हात तशीच उभी होती.

कडी निघाली. बद्रीनाथनं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

"या बाई. ऑर्डरमध्ये नाव हाय तुमचं. कुणाकडं जायाचंय?"

"इथंच," चतुराबाई म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.