मी पांघरूण नाही, रेघ आहे

मी रेघ बोलतेय. आलेखावर ठिपका असतो ना, त्याच्या वर-खाली उभी असते ती. सगळे ठिपकाच बघतात. वर्तमानपत्रं ठिपका छापतात आणि जागा नाही म्हणून मला कापतात. खरं तर ठिपक्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मी सांगते. आखूड असले तर बरंच कळलंय, लांब असले तर जपून. एवढंच माझं काम, आणि तेही मला धडपणे करू देत नाहीत.

माझा जन्म मेलबर्नच्या एका विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर झाला. मला आखलं ब्रॉन्टी कॅव्हनाने. पीएचडीचं तिचं चौथं वर्ष. एक जड कण क्वचितच एका ठरावीक तऱ्हेने फुटतो. यंत्रात कणांवर कण आदळवतात; दोन वर्षांच्या अशा टकरींत तसं किती वेळा घडलं, हे ती मोजत होती. मोजायचं म्हणजे आलेखाच्या उतरणीवरचा उंचवटा ओळखायचा. उतरण हा बाकीच्या नको असलेल्या नोंदींचा गाळ, उंचवटा म्हणजे तो कण. दोन्हींवर सूत्राचा साचा बसवायचा. उत्तर आलं १८२०. मी छप्पन्न वर, छप्पन्न खाली. सडपातळ होते.

मग तिने तपासणी म्हणून दोन्ही वर्षं वेगळी मोजली. टकरींची संख्या दोन्ही वर्षी सारखीच होती. पहिल्या वर्षी १०००, दुसऱ्या वर्षी ८२०. एवढा फरक योगायोगाने हजारात एकदा-दोनदा पडतो.

तिचे मार्गदर्शक गार्थ लिंडग्रेन लॅमिंग्टन केक खात खात आले. दुसऱ्या देशातला एक गट हेच मोजत होता, आणि गार्थना शुक्रवारी शोधनिबंध पाठवून त्यांच्या आधी पोचायचं होतं.

"फरक एकशेऐंशीचा ना? तेवढी अनिश्चितता धर आणि मोकळी हो."

"पण गार्थ, तो आला कुठून?"

"कुठूनही येईना. रेघ लांब केली की खरं उत्तर तिच्या आतच येतं."

आणि मला ताणलं. छप्पन्नाची एकशेअठ्ठ्याऐंशी; आमची बेरीज सरळ नसते, वर्ग करून होते. संताप झाला माझा. जे शोधूनही कळत नाही, त्यासाठी मी आहे. जे कुणी शोधलंच नाही, ते माझ्याखाली का दडपता?

निबंध बाहेर जाण्याआधी कार्मेल झॅमिट वाचायच्या. गटातल्या सगळ्यात जुन्या, जिभेने तिखट. त्यांनी पेन्सिलीचं टोक माझ्यावर टेकवलं.

"ही एवढी का सुजलीय?"

"दोन वर्षांतला फरक धरलाय, कार्मेल."

"तपासणीत नापास झालीस आणि नापासाचे गुण बेरजेत धरलेस होय गं? पोरी, हे अज्ञान आहे की चूक?"

"माहीत नाही."

"मग आधी ते माहीत करून घे."

"शुक्रवार हातचा जाईल. ते पुढे जातील."

"जातील. त्यात माझी सही लागत नाही. तुझ्या निबंधावर लागते."

ब्रॉन्टी निबंध उचलून परत आपल्या टेबलाशी गेली. मग तिने शुक्रवार सोडला.

पाच आठवडे लागले. दोष साच्यात होता. उंचवट्याची रुंदी पहिल्या वर्षावरून ठरवून पक्की केलेली. दुसऱ्या वर्षी यंत्राची मापं जराशी पसरट येत होती, त्यामुळे उंचवट्याचे दोन्ही खांदे साच्याबाहेर पडून गाळात मोजले जात होते. रुंदी वर्षागणिक मोकळी सोडल्यावर दुसऱ्या वर्षाचे ९८५ आले. एकूण १९८५, आणि मी साठ.

"बघ," गार्थ म्हणाले, "लांब रेघेच्या आतच होतं की. आणि ते लोक मंगळवारी छापून मोकळे झाले."

"आत होतं, गार्थ. पण ठिपका चुकीच्या जागी होता, आणि ते आपल्याला कधीच कळलं नसतं."

गार्थ वळून बाहेर पडले. दार जरा जोरात लागलं.

आता मी तिच्या प्रबंधात सहाव्या प्रकरणात उभी आहे. मान आधी छापणाऱ्या गटाला गेला. "यापूर्वी मोजले गेले आहे" हे वाक्य ब्रॉन्टीला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. त्या पहिल्या गटाच्या आलेखावरही माझी एक बहीण आहे, चांगली लांबलचक. तिच्या पोटात काय आहे, ते त्यांच्या निबंधात कुठेच लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यांनो, तिला एकदा विचारा तरी.