खिडकीजवळची खुर्ची

सोमवारी रुजू व्हायचे आहे. आज शुक्रवार, तरी ही नोकरी मी मिळवली की माझ्या मामाने, हे मला कळलेले नाही. कोणाला विचारावे, तर जो तो आधी पेढेच मागतो.

नोकरी गोंदियातल्या एका खाजगी कॉलेजात, प्रयोगशाळा सहायकाची. जागा एकच. लेखी परीक्षेत माझ्याबरोबर अभ्यास करणारी गुंजन पहिली आली, एकाहत्तर गुण. मी दुसरा, चौसष्ट. मग वीस गुणांची मुलाखत झाली आणि शेवटच्या यादीत मी वर, ती खाली.

मुलाखतीत गुंजनला अर्धा तास सोलून काढले. मी आत गेलो तर संस्थेचे सचिव चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे, तुम तो घनश्याम के भांजे हो ना? मम्मी ने क्या वडी बनाई थी धोपे के पत्तों की!" दोन-चार सोपे प्रश्न झाले आणि मी बाहेर.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या दिवशी घरी पाहुणा नसला तर ती घराची नामुष्की. यंदा देवरीहून घनश्याममामा आला तो एका अनोळखी माणसाला घेऊन. अंगणात पंगत बसली, मी वाढत होतो. त्यांनी धोप्याची, म्हणजे अळूची, वडी चारदा मागून घेतली. ते सचिव होते, हे मला मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर कळले. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात, ते ह्यांनी फारच मनावर घेतले.

मी मामाला फोन केला. तो भडकलाच. "मी एक शबद बोललो असंन त जीभ झडो माही! मंडईले पाहुना आनलो, जेवला, गेला. तू काऊन डोकं खाऊन राहिला?"

आईला विचारले, तर ती म्हणाली, "पाहुन्याले काय उपाशी धाडू?"

कोणीच काही केलेले नाही. मग सात गुणांची दरी भरली कोणी? मी वर्षभर अभ्यास केला होता, खोटे कशाला बोलू. पण त्या विसांतले किती गुण माझे आणि किती धोप्याच्या पानांचे, हे कोण सांगणार?

संध्याकाळी पुस्तके आणायला विहारात गेलो. आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, देवळे दोन, अभ्यासिका एकही नाही. ती गुंजनच्या टोलीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत आहे, तिथेच गुंजन आणि मी वर्षभर बसलो. तिचे वडील खुशालकाका राइस मिलमध्ये पोती उचलतात आणि विहाराच्या कमिटीत आहेत. तिने शब्द टाकला म्हणून मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली, असे मी धरून चाललो होतो.

गुंजन एकटीच होती. मला वाटले, तोंड फिरवील. तिने पुस्तके बांधायला सुतळी दिली आणि सरळ म्हणाली, "पुढच्या वर्षी खुशी बसते परीक्षेले. तिच्यासाठी सचिवाले सांगजो. तुही ओळख आहे आता."

खुशी तिची धाकटी बहीण. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो.

"ओळखीचं मले काऊन सांगतेस? मले ही खुर्ची बी त तुह्या ओळखीनंच भेटली!"

ती रागावली नाही. कपाटातून अभ्यासिका सांभाळणाऱ्या चैतरामकाकांची नावांची वही काढून तिने माझ्यापुढे उघडून ठेवली. "मी कोनालेच नाही सांगतलं. तुहा नंबर होता."

अकरावे नाव माझे होते. बारावे खुशीचे. खोलीत खुर्च्या मोजल्या, अकरा.

"मंग खुशी वर्षभर कोठी वाचे?" मी विचारले.

"घरी. चुलीपाशी. बाबा कमिटीत आहेत म्हनून काय झालं? नंबर म्हनजे नंबर." तिने माझ्या नावावर रेघ मारली. "आता तू चालला, त खुर्ची तिले भेटते."

ह्या गावात कोणाच्याही शब्दाशिवाय मला एक गोष्ट मिळाली होती, आणि ती मी ओळखीच्या खात्यात टाकून बसलो होतो.

"सांग न," गुंजन म्हणाली, "सचिवाले सांगशील, का खुशीले बी नंबरानंच जाऊ देऊ? माह्यासारखं?"

ती खरोखरच विचारत होती. टोमणा असता तर बरे झाले असते, निदान उत्तर देता आले असते. 'सांगतो' म्हणावे तर मीही मामाच झालो, 'नाही' म्हणावे तर ही नोकरी घेऊन बसलेला मी नाही म्हणणारा कोण? मी मान खाली घालून रेघेखालचे माझे नाव वाचत राहिलो, आणि ती पेनाचे टोपण हातात धरून उत्तराची वाट बघत उभी होती.