माझ्या पाठीवरचं नाव

मित्रांनो, शिरूर-दौंड भागातल्या एका गावातली मी एक जुनी काळी फरशी आहे. एसटीच्या थांब्याच्या भिंतीत उभी असते. गावाचं नाव सांगत नाही. मला त्याची लाज वाटते, आणि थोडी स्वतःचीही.

दोन्ही अंगांनी मी गुळगुळीत. शिरूरच्या दुकानात पडून असताना वाटायचं, कुणाच्या तरी ओट्याला बसेन, अंगावर भाकरीचं पीठ सांडेल. पण कोंडिबा पाथरवटाने मला मांडीशी घेतलं आणि छिन्नीने अक्षरं कोरली, 'वीर टेकेंद्र दलबहादूर घर्ती चौक'.

टेकेंद्र म्हणजे गावाबाहेरच्या गोदामावरच्या नेपाळी वॉचमनचा मुलगा. बापाला सगळं गाव 'बहादूर' म्हणायचं आणि मुलाला 'छोटा बहादूर'. वीस वर्षांत त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. मुलगा गावच्याच शाळेत शिकला आणि गोरखा पलटणीत भरती झाला. सीमेवरच्या लढाईत त्याने दोन जखमी सोबत्यांना पाठीवर घालून खाली आणलं. तिसऱ्यासाठी पुन्हा वर गेला, तो परतलाच नाही. बावीस वर्षांचा होता हो! मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं, तेव्हा कुठे गावाला तो आपला वाटू लागला.

त्याच्या बापाने, दलबहादूरने, पंचायतीकडे एकच मागणं केलं होतं, "साहेब, नाव पूर्ण लिहा."

मला चौकातल्या खांबावर बसवलं तेव्हा ढोल वाजले, फुलं पडली. सरपंच संपतआप्पांनी माईक धरला. "पोरगं आपल्या गावचं हाय! सूर्य-चंद्र असंस्तोवर गाव त्याला इसरणार न्हाई!" टाळ्या कडाडल्या. टेकेंद्रच्या आईला, मनमायाला, अक्षर येत नव्हतं. तिने पदराने मला पुसलं आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. आप्पांच्या शब्दावर तिचा विश्वास बसला. माझाही बसला.

पुढे गोदाम बंद पडलं. नवरा-बायको कामासाठी कुरकुंभला गेली. इकडे रस्ता रुंद करताना खांब पाडला, आणि मी पंचायतीच्या मागे गवतात जाऊन पडले. काही महिने गेले. मग निवडणूक तोंडावर आली, घाईघाईत थांबा उभा राहिला, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की उद्घाटनाची पाटीच करायला दिलेली नाही.

"म्हस्कू, ती बहादूरची फरशी मागं पडलीय न्हवं?" आप्पा गवंड्याला म्हणाले. "उलटी करून घे."

"आप्पा, तिच्यावर पोराचं नाव हाय."

"भिंतीत जाणार हाय ते. कुणाला दिसतंय?"

म्हस्कू घुटमळला, पण त्याने ऐकलं. दगडाला पाझर फुटत नाही, असं तुम्ही म्हणता. आप्पा तर माणूस होते! माझ्या कोऱ्या अंगावर 'मा. संपतआप्पा यांच्या शुभहस्ते' असं सोनेरी रंगात आलं, आणि टेकेंद्रच्या नावावर सिमेंट थापलं गेलं.

परवा त्याच्या पुण्यतिथीला दोघं झेंडूचा हार घेऊन एसटीतून उतरली. चौकात खांब दिसेना. मनमायाला मी दिसले. काळा दगड, सोनेरी अक्षरं. ती जवळजवळ पळतच आली आणि तिने मला कवटाळलं. दलबहादूरने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

तिने आपल्या भाषेत विचारलं, नाव नीट आहे ना? पूर्ण आहे?

त्याने आप्पांच्या नावावर बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं, "टेकेंद्र... दलबहादूर... घर्ती."

तिने हार घातला आणि कपाळ टेकवलं. थांब्यावर चार माणसं बसली होती. सगळ्यांना वाचता येत होतं. सगळी खाली बघत राहिली.

मित्रांनो, दगड जपा, असं मी सांगणार नाही. पहार आणा आणि मला भिंतीतून उपटा. तुकडे झाले तरी चालतील. पण पुढच्या वर्षी त्या बापाला पुन्हा खोटं वाचायला लावू नका.