स्वरदाला परवानगी मिळाली

माझी धाकटी बहीण स्वरदा भारतात जाणार होती आणि मी जाणार नव्हते, एवढ्यावरून मी तीन दिवस तिचा फोन उचलला नव्हता. बाबा हृदयाच्या दुखण्याने पुण्यात आयसीयूत होते. साल २०२०. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागत होती. आम्ही दोघींनी एकाच दिवशी अर्ज केले. तिचा मंजूर झाला, माझा परत आला.

चूक पुण्यातल्या मोहनकाकांची. हॉस्पिटलकडून पत्र घेताना त्यांनी सवयीने आमची माहेरची नावं सांगितली, शुभदा आणि स्वरदा. माझ्या पासपोर्टवर मात्र मंजिरी. सासूबाईंनी हौसेने निवडलेलं आणि लग्नात यतिनने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव. ही शुभदा म्हणजे तुम्हीच कशावरून, असं परवानगी देणाऱ्या ऑफिसने विचारलं. दुसरं पत्र येईपर्यंत बाबा थांबतील की नाही, ते कोणीच सांगत नव्हतं.

स्वरदाने लग्नात नाव बदलायला साफ नकार दिला होता. तेव्हा केवढा तमाशा झाला! बाबांनी तिचीच बाजू घेतली. मी गुणी मुलगी, मुकाट मान डोलावली होती. आता ती गुणी मुलगी मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात लॅपटॉपसमोर बसून होती. नुसता जळफळाट होत होता माझा.

तिच्या विमानाच्या दिवशी सकाळी मेसेज आला. "ताई, दोन टॅक्सी कॅन्सल झाल्या. एअरपोर्टला ड्रॉप करतेस? प्लीज." ती दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचा नवरा ओजस पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या खाणीवर, राज्याची सीमा बंद म्हणून तिकडेच अडकलेला, आणि गाडीही त्याच्याकडे.

मी लिहिलं, "गाडीची बॅटरी उतरलीय."

पाठवलं आणि चहा टाकला. कप तसाच ओट्यावर ठेवला. तिचं विमान चुकलं तर? चुकू दे, असं मनात आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू! अर्ध्या तासाने किल्ली घेऊन निघाले, ती तिला सोडायला की तिची फजिती बघायला, हे मला आजही सांगता येणार नाही.

फ्रीवेच्या तोंडाशी ती दिसली. तोंडाला मास्क, शेजारी बॅग. अंगठा वर करून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लिफ्ट मागत असणार, कारण समोर पोलिसांची गाडी उभी होती. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात रस्त्यावर उभं राहून लिफ्ट मागणं बेकायदा, त्यात लॉकडाऊन. मी गाडी मागे लावून उतरले.

पोलिसाने आधी मलाच झापलं. लिफ्ट द्यायला असं वाटेत थांबायचं नसतं, म्हणाला. मग विचारलं, "हिला ओळखता?"

स्वरदाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे. बॅटरीचं तिला कळून चुकलं होतं.

मी नाही म्हटलं असतं तर ती तिथेच अडकली असती आणि विमान गेलं असतं. दोघींपैकी कोणीच बाबांपाशी पोचलं नसतं. फिट्टंफाट! ‘नाही’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"बहीण आहे माझी," मी म्हणाले. "वडील शेवटच्या घटका मोजतायत. मीच सोडायला हवं होतं हिला. मी खोटं बोलले म्हणून ती इथे उभी आहे."

त्याने तिचं परवानगीचं पत्र वाचलं, तिकीट आणि माझं लायसन्स बघितलं. आम्हा दोघींची आडनावं वेगळी, पण त्याने पुरावा मागितला नाही. "पुन्हा रस्त्यावर उभी राहू नकोस," एवढं तिला म्हणाला आणि आम्हाला सोडलं.

मी तिची बॅग डिकीत टाकली आणि गाडी एअरपोर्टकडे वळवली.

"बाबांना काय सांगू?" तिने विचारलं.

"सांग, ताईने सोडलं."

"आणि बॅटरीचं?"

"तेही सांग."

ती हसली नाही. टर्मिनलपाशी उतरली, बॅग स्वतःच काढली आणि मागे न बघता आत गेली.

माझं दुसरं पत्र येण्याआधीच, पाचव्या दिवशी बाबा गेले. मला व्हिडिओ कॉलवर दिसावं म्हणून स्वरदाने एका हाताने फोन धरला होता आणि दुसऱ्या हातात त्यांचा हात होता. मी रडत होते ती बाबांसाठीच, पण नजर तिच्या त्या हातावरून हलेना. ती त्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलायला लागली, की मी अजूनही उठून स्वयंपाकघरात जाते.