रंग न उमटलेली नळी

हिशोब साधा होता. आई पाण्यात चालत राहिली, तर थोरल्याला दोन गोष्टी मिळणार होत्या: आई त्याच्याच घरी राहणार होती आणि धाकट्या बहिणीचं तोंड बंद होणार होतं. बहीण त्याला लहानपणापासून पाण्यात पाहायची. अर्धांगवायूनंतर जमिनीवर आईचं पाऊल उचलत नव्हतं. घरामागच्या पोहण्याच्या तलावात मात्र ती कठडा धरून या टोकाहून त्या टोकाला जायची.

तलाव खाऱ्या पाण्याचा. मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र थोरल्यानं स्वतः बसवलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणी त्याला हात लावायची सोय नव्हती. रोज तो नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचा. गुलाबी झालं की क्लोरीन आहे. एक दिवस गुलाबी उमटलंच नाही. क्लोरीन संपलं समजून त्यानं यंत्राचा जोर वाढवला. दुसऱ्या दिवशीही नळी कोरीच. आणखी वाढवला.

"अहो, नाकात जातोय वास," बायको म्हणाली.

"स्वच्छतेला वास असतोच."

आईचे डोळे चुरचुरायचे, खोकला थांबायचा नाही. ती सुनेला म्हणायची, "त्याला नको सांगूस. धाकटीच्या कानावर गेलं तर सोलून काढेल त्याला." लेकाची झाकली मूठ सांभाळायची तिला जुनी सवय. सूनही गप्प बसली.

बहीण आली तेव्हा दोरीवर आईचा पोहण्याचा पोशाख वाळत होता.

"दादा, हा मी आणलेला निळा ना?"

"उन्हानं उडालाय रंग."

"तुझ्याकडचं ऊन भलतंच हिशोबी. खांद्यावरचा निळा ठेवून छातीखालचाच उडवला."

थोरला उठला. नळीत तलावाचं थोडंसंच पाणी घेतलं, वर पिण्याचं ओतलं, थेंब टाकले. नळी गडद गुलाबी झाली. तलावात क्लोरीन इतकं झालं होतं, की ते थेंबांचाही रंग खात होतं.

डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि तिचं तलावात उतरणं कायमचं बंद केलं.

"आता माझ्याकडे चल," बहीण म्हणाली.

"कुठंही ने," आई म्हणाली. "खाट ती खाटच."

तलावाचं पाणी हल्ली अगदी बिनचूक असतं. थोरला रोज तपासतो. नळीत हवा तेवढाच फिका गुलाबी येतो. त्यात उतरत कुणी नाही. लेकीला आई मिळाली, सुनेला शांतता. लेकाच्या हट्टाची आणि स्वतःच्या गप्प राहण्याची, दोन्हींची भरपाई आईनंच केली. द्यायला तिच्याकडे तेवढे पायच उरले होते.