दोन गळ्यांचा निळा पट्टा

मित्रांनो, टेबलाच्या खालच्या खणात कात्रीशेजारी जो विटका निळा पट्टा पडला आहे, तो मी. माझी हकीकत ऐकण्यासारखी आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

कारखान्यात नायलॉनच्या फितीतून मला कापलं, बक्कल शिवलं आणि एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे मांजरांसाठी लस तयार होत होती. मांजरं भांडतात, चावतात, आणि त्या चाव्यातून एक विषाणू अंगात शिरतो. माणसांना तो बाधत नाही, पण मांजराची रोगाशी लढायची ताकद हळूहळू खाऊन टाकतो. निळ्या पट्ट्याच्या सहा मांजरांना लसीचे तीन डोस द्यायचे, सहा पिवळ्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांनाच विषाणू टोचायचा आणि कोण वाचतं ते बघायचं.

मी मुकीच्या गळ्यात होतो. तिची सख्खी बहीण बडबडी, तिला पिवळा पट्टा. दोघी राखाडी, हुबेहूब. ही नावं मावशींनी ठेवलेली. मावशी पिंजरे धुवायच्या, खाणं घालायच्या. लस टोचणाऱ्या डॉक्टरबाई मात्र पट्टा बघूनच मांजर ओळखायच्या.

बडबडीवर मावशींचा भारी जीव. त्या दिसल्या की ती जाळीला नाक लावून गाऱ्हाणी सांगत बसायची. पिवळ्यांना पाणीच मिळतं, हे मावशींच्या कानावर आलं तेव्हा पहिला डोस होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मुकीच्या गळ्यातून काढून बडबडीच्या गळ्यात बांधलं आणि तिचा पिवळा मुकीला. मुकीनं आपणहून मान पुढे केली. लाड चाललेत असं तिला वाटलं असावं. आणि मला, खरं सांगतो, बडबडीच्या गळ्यात बरं वाटलं. तिथे दिवसभर ऊब होती, कौतुक होतं.

दुसऱ्या डोसाला डॉक्टरबाई हसल्या. "मावशी, ही निळी मागे तोंड उघडत नव्हती. लसीनं वाचा फुटली की काय?"

"थंडी सरली ना बाई, म्हणून असेल," म्हणत मावशी फरशी पुसायला वाकल्या.

तिसरा डोस झाला, मग विषाणू टोचला आणि काही आठवड्यांनी रक्त तपासलं. बाकीचे पाचही निळे स्वच्छ. बडबडीच्या रक्तात मात्र विषाणू. मुकीच्याही.

"तीन डोस देऊनही हिला झालंच कसं?" डॉक्टरबाई कागद चाळत म्हणाल्या. "लसच कच्ची म्हणायची. बंद करू."

मावशींनी बादली खाली ठेवली. "लस कच्ची नाही, बाई. पट्टे मी बदलले. हिला दोनच डोस मिळाले."

"म्हणजे हिच्या बहिणीला एकच?"

"हो."

"हात लावला नसतात, तर ती तरी वाचली असती." डॉक्टरबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "आणि मीही दोघींना हातात घेत होते. तोंडाकडे पाहिलंच नाही कधी. आता सगळं पुन्हा करायचं. नवी बारा मांजरं."

"या दोघींना मी घरी नेऊ?"

"न्या. पण बाहेर सोडायचं नाही. दुसऱ्या मांजराजवळही नाही."

जाताना मावशींनी मला बडबडीच्या गळ्यातून काढून टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नवी मांजरं काल आली. मला बोलता आलं असतं तर बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. पण त्या उबेत मला बोलायचं होतं का, याची खात्री वाटत नाही.

मित्रांनो, कुणाचा जीव तुमच्या हाती आला, तर आधी त्याचं तोंड ओळखीचं करून घ्या. आणि चूक झालीच, तर सुई टोचण्याआधी सांगा. नंतर सांगून आपलं मन हलकं होतं, त्यांचं रक्त स्वच्छ होत नाही.